डांसाच्या मादीचा संसार



'डांस चावतो' असें आपण रोज म्हणतों. व्याकरणाच्या दृष्टीनें हें वाक्य निर्दोष असलें, तरी प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें त्यांत दोन प्रमाद आहेत. चावावयाला दांत लागतात. डांसाजवळ असते ती सहा बारीक सुयांची जुडी, आणि ती कातड्यांत खुपसली जाते. दुसरा प्रमाद अधिक महत्त्वाचा आहे. सुया खुपसणारा तो नसतो, ती असते. नर डांस जन्मभर फुलांतील मध, पिकल्या फळांचा रस आणि झाडांच्या अंगावर पाझरणारा गोड द्रव यांवर राहतो. रक्त काढावें इतक्या त्याच्या सुया मजबूतच नसतात. मराठी भाषेनें डांसाला पुल्लिंगी ठरवून एका निरुपद्रवी शाकाहारी प्राण्यावर विनाकारण ठपका ठेविला आहे, असेंच म्हणावें लागतें.

मादीचीहि रोजची गुजराण अशाच गोड पदार्थांवर होऊं शकते. उडण्याला लागणारी शक्ति तिला साखरेंतून मिळते. परंतु अंडीं तयार करावयाला लागणारें प्रथिन मधांत पुरेसें नसतें. तें रक्तांत विपुल असतें, म्हणून ती रक्ताच्या मागें लागते. एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेविली, म्हणजे डांस किती वेळां चावतात आणि एकाचा रोग दुसऱ्याच्या अंगांत कसा नेतात, हें सारें एका सूत्रांत ओंवतां येतें. तें सूत्र असें, कीं या मादीचें लग्न बहुधा एकदांच होतें, पण तिचीं बाळंतपणें अनेक होतात, आणि प्रत्येक बाळंतपणाला तिला नवें रक्त लागतें.

हें सूत्र आज साधें वाटतें. परंतु तें हातीं लागेपर्यंत वैद्यकशास्त्राचीं वीस-बावीस वर्षें खर्चीं पडलीं. १८७७ सालीं पॅट्रिक मॅन्सन हे स्कॉटिश डॉक्टर चीनमधील अमॉय बंदरांत नोकरीला होते. ज्याच्या रक्तांत हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमि होते अशा आपल्या माळ्याला त्यांनीं डांसांकडून फोडून घेतलें, आणि रक्त पिऊन टम्म फुगलेले ते डांस चिरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. कृमि डांसाच्या शरीरांत मरत नव्हते, उलट वाढत होते. येथवर सारें बिनचूक होतें. पुढें मात्र गाडें अडलें. त्या काळच्या समजुतीप्रमाणें मॅन्सन असें धरून चालले, कीं मादी आयुष्यांत एकदांच रक्त पिते, मग पाण्यावर जाऊन अंडीं घालते आणि तेथेंच मरते. मग तिच्या अंगांतील कृमि माणसांत परत येणार कसे? अर्थात् पाण्यांतून! डांस मेलेलें पाणी माणूस पितो आणि त्याला रोग होतो, असा निष्कर्ष त्यांनीं काढला.

मॅन्सन यांचें मार्गदर्शन प्रमाण मानणारे रोनाल्ड रॉस यांनीं १८९५ सालीं सिकंदराबादेस तोच धडा गिरविला. हिंवतापाच्या रोग्यांचें रक्त प्यालेले डांस ज्या पाण्यांत मेले, तें पाणी त्यांनीं कांहीं माणसांना पाजून पाहिलें. निर्णायक असें कांहींच हातीं लागलें नाहीं. १८९७ च्या ऑगस्टच्या २० तारखेस त्यांना ॲनॉफिलीस जातीच्या मादीच्या जठराच्या भिंतींत हिंवतापाचे जंतु दिसले, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. पण पाण्याचा सिद्धान्त निकालांत निघाला तो दुसऱ्या वर्षीं कलकत्त्यास. तेथें पक्ष्यांच्या हिंवतापावर प्रयोग करतांना जंतु मादीच्या लाळेच्या ग्रंथींत येऊन पोंचलेले त्यांनीं पाहिले.

हत्तीरोगाच्या बाबतींत तीच कामगिरी केळ्यानें केली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतांत टॉमस बँक्रॉफ्ट नांवाचे डॉक्टर होते. त्यांनीं कोंडलेल्या डांसांना केळें खावयास दिलें, आणि थोड्याच दिवसांत मरून जाणारे डांस दोन-दोन महिने जगूं लागले. इतके दिवस जगलेल्या डांसांत कृमींची पुरी वाढ पाहतां आली. तिला सोळा-सतरा दिवस लागतात, असें बँक्रॉफ्ट यांनीं १८९९ सालीं प्रसिद्ध केलें. १९०० सालीं जॉर्ज लो यांनीं त्यांचेच डांस लंडनमध्यें कापून पाहिले, तों कृमि थेट सोंडेंत येऊन बसलेले, मादीच्या पुढच्या जेवणाची वाट पाहत! मॅन्सन यांच्या डांसांचें आयुष्य कांहीं संपलें नव्हतें. त्यांना कोणी गोड खावयास घातलें नव्हतें, इतकेंच.

आतां हें रक्त पोटांत गेल्यावर काय होतें तें पाहूं. मादी एका बैठकींत दोन-तीन मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ आपल्या स्वतःच्या वजनाइतकें रक्त पिते. इतकें ओझें घेऊन उडणें कठीण, म्हणून पीत असतांनाच त्यांतील पाणी ती थेंबाथेंबानें बाहेर टाकूं लागते. मग एखाद्या अंधाऱ्या भिंतीवर दोन-तीन दिवस ती निवांत बसून राहते. या निवांतपणांत तिच्या शरीरांत मोठी धांदल चाललेली असते. १९५० नंतरच्या दशकांत एक विलक्षण प्रयोग झाला. रक्त प्याल्याबरोबर मादीचें डोकें छाटलें, तर अंडीं वाढत नाहींत. तेंच कांहीं तासांनीं छाटलें, तर उरलेलें धड आपलें काम चालू ठेवून अंडीं पिकवितें. (डोक्यावांचून डांस कांहीं दिवस जिवंत राहूं शकतो, ही गोष्ट ऐकून श्रोत्यांनीं दचकूं नये.) याचा अर्थ असा, कीं रक्त पोंचल्याची वर्दी मिळतांच मेंदूंतून एक अंतःस्राव सुटतो. तो अंडाशयाला जागा करतो. अंडाशय दुसरा अंतःस्राव सोडतो. आणि त्याच्या हुकुमानें शरीरांतील चरबीचे पेशीसमूह रक्तांतील प्रथिनाचा बलक बनवून अंड्यांत भरूं लागतात. एडीस इजिप्ती, म्हणजे डेंग्यू पसरविणारी, पायांवर पांढरे पट्टे असलेली मादी, अशा एका खेपेस शंभराच्या आसपास अंडीं घालते. क्युलेक्सची मादी शें-दोनशें अंडीं उभीं चिकटवून त्यांचा तराफा पाण्यावर सोडते. ॲनॉफिलीसचीं अंडीं सुटीं असतात, आणि प्रत्येकाच्या दोन्ही कुशींना तरंगण्यासाठीं हवेचे फुगे असतात.

सर्व रक्त सारख्याच मोलाचें असतें असें मात्र नाहीं. माणसाच्या हिमोग्लोबिनांत आयसोल्यूसीन नांवाचें अमिनो अम्ल मुळींच नसतें, आणि अंड्यांतील बलकाला तर तें हवें असतें. १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें आढळलें, कीं गिनीपिगाचें रक्त प्यालेली एडीसची मादी माणसाचें रक्त प्यालेलीपेक्षां अधिक अंडीं घालते, आणि या फरकाच्या मुळाशीं आयसोल्यूसीनची उणीव आहे. असें असूनहि ही मादी माणसाचाच पिच्छा पुरविते! हें कोडें थायलंडमध्यें काम करणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं पुष्कळ अंशीं उलगडलें. त्यांचा निष्कर्ष २००१ सालीं प्रसिद्ध झाला. घरांत राहणारी एडीस मधाकडे फारशी फिरकत नाहीं. ती उडण्याची शक्ति आणि अंड्यांचें साहित्य अशा दोन्ही गरजा माणसाच्या रक्तावरच भागविते. एका खेपेचा हिशेब न करतां जन्माचा हिशेब केला, तर हा सौदा तिला किफायतशीर पडतो. पण त्यासाठीं तिला पुन्हां पुन्हां, एकाच खेपेच्या अंड्यांकरितां कधीं दोनदां-तीनदां, प्यावें लागतें. गिऱ्हाईक एकाच छपराखालीं बारा महिने झोंपलेलें असल्यामुळें तिला त्याची अडचण वाटत नाहीं. डेंग्यू एकाच घरांतील चार माणसांना पाठोपाठ कां होतो, याचें एक कारण येथें आहे.

अळीपणीं झालेल्या उपासमारीचाहि असाच परिणाम होतो. दाटीच्या डबक्यांत अर्धपोटीं वाढलेल्या अळीची मादी लहानखुरी निघते. ॲनॉफिलीसच्या अशा मादीचें पहिलें रक्त तिची स्वतःची झीज भरून काढण्यांतच संपतें, आणि अंड्यांसाठीं तिला दुसऱ्या बळीचा शोध करावा लागतो. उलट बाळपणीं भरपूर साठा केलेली मादी कधीं कधीं पहिल्या खेपेला रक्तावांचूनच अंडीं घालते. लंडनच्या भुयारी रेल्वेंत प्रसिद्धि पावलेला क्युलेक्सचा एक प्रकार असाच आहे. दुसऱ्या महायुद्धांत बाँबहल्ल्यांच्या रात्रीं तेथें आश्रयाला आलेल्या लोकांना त्यानें हैराण केलें, कारण दुसऱ्या खेपेपासून त्याच्या मादीलाहि रक्त लागतेंच. टॉक्सोऱ्हिंकायटीस नांवाच्या थोराड डांसाची मादी मात्र जन्मांत कधींच रक्ताला शिवत नाहीं. तिच्या अळ्या इतर डांसांच्या अळ्या खाऊन प्रथिनाची बेगमी आधींच करून ठेवतात.

येथवर झाला आहाराचा विचार. आतां लग्नाकडे वळूं. संध्याकाळीं उघड्या मैदानांत डोक्यावर डांसांचा एक ढग नाचतांना आपण पाहतों. तो बहुधा नरांचा मेळावा असतो. कोषांतून निघाल्यावर सुमारें एक दिवस नर लग्नाला लायकच नसतो. तेवढ्या वेळांत त्याच्या शरीराचें टोंक अर्धा फेरा घेऊन उलटें फिरतें, तेव्हां कोठें तो वयांत येतो. तो वधूला ओळखतो ती आवाजावरून. नराच्या मिशा पिसासारख्या दाट असतात, आणि त्यांच्या बुडाशीं ऐकण्याचें इंद्रिय असतें. बाल्टिमोरचे डॉक्टर क्रिस्टोफर जॉन्स्टन यांनीं १८५५ सालीं त्याचें वर्णन केलें. १८७४ सालीं अमेरिकेंतच आल्फ्रेड मेयर यांनीं डांस कांचेवर चिकटवून त्याच्यापुढें नादकांटे वाजविले, तों मिशांचे ठराविक केस ठराविक स्वराला थरारतांना दिसले. मॅक्सिम तोफेचे जनक हायरम मॅक्सिम यांस १८७८ सालीं सॅराटोगा येथें विजेचे दिवे बसवितांना निराळाच अनुभव आला. दिव्यांच्या सरंजामांतील एका पेटींतून मंद गुणगुण निघे, आणि तिच्यावर डांसांची झुंबड उडे. पाहिलें, तर सगळे नर!

संगीताच्या जाणकारांना आवडावी अशी गोष्ट यापुढें आहे. एडीसच्या मादीचे पंख सेकंदास सुमारें ४०० वेळां हालतात आणि नराचे सुमारें ६००. हें दोहोंस तीन असें प्रमाण म्हणजे आपला षड्ज-पंचम संवाद! जोडी जवळ आली, म्हणजे दोघेंहि आपआपला स्वर किंचित् चढवून-उतरवून १२०० च्या आसपासच्या सामाईक वरच्या स्वरावर एकत्र येतात, असें २००९ सालीं अमेरिकेंत ध्वनि टिपून दाखविण्यांत आलें. आपल्या कानाशीं रात्रीं जी भुणभुण होते आणि जिच्यामुळें झोंप मोडते, ती नराच्या कानांला मंगलाष्टकांसारखी वाटत असली पाहिजे.

हें लग्न उडतां उडतां कांहीं सेकंदांत उरकतें. परंतु त्याचा परिणाम मादीला जन्मभर पुरतो. तिच्या शरीरांत शुक्रजंतु सांठविण्याच्या कुप्या असतात; एडीसला तीन, ॲनॉफिलीसला एक. पुढच्या प्रत्येक खेपेचीं अंडीं या शिलकेवर फळतात. शुक्रजंतूंबरोबर नर आपल्या ग्रंथींचा स्रावहि देतो, आणि त्या स्रावाची करामत मोठी आहे. नोत्र दाम विद्यापीठाचे जॉर्ज क्रेग यांनीं १९६७ सालीं दाखविलें, कीं नुसत्या या स्रावाच्या योगानें, नराचा संबंध न येतांहि, कुमारी मादी पुढें आलेल्या प्रत्येक नराला झिडकारूं लागते. त्याआधीं १९६५ सालीं असेंहि आढळून आलें होतें, कीं अंडीं बाहेर घालण्याची प्रेरणाहि याच स्रावांत आहे. कुमारी मादी रक्त पिऊन अंडीं पिकविते खरी, पण तीं बहुतेक पोटांतच धरून ठेवते. आफ्रिकेंतील ॲनॉफिलीस गॅम्बीचा नर तर याहून पुढें जातो. तो मादीला एक घट्ट गोळी देतो, आणि तींत रक्त प्याल्यावर मादीच्या स्वतःच्या शरीरांत जो अंतःस्राव तयार होतो, तोच भरलेला असतो. या आहेरामुळें तिच्या अंड्यांची वाढ अधिक होते, असें २०१३ सालीं सिद्ध झालें. म्हणजे अंड्यांची संख्या केवळ रक्तावर अवलंबून नसते. वरानें काय दिलें, यावरहि ती अवलंबून असते.

आतां रोगाचा हिशेब मांडूं. हिंवतापाचे जंतु मादीच्या पोटांतून लाळेंत पोंचावयाला दहा ते चौदा दिवस घेतात, डेंग्यूचे आठ ते बारा. आपल्याकडील उष्ण हवेंत एक बाळंतपण तीन-चार दिवसांत आटोपतें. तेव्हां रोग्याचें रक्त पिऊन मादी लगेच दुसऱ्याला चावली, तरी बहुधा कांहीं बिघडत नाहीं. तिनें मध्यें दोन-तीन वेळां अंडीं घालून, पुन्हां रक्त शोधून, जिवंत राहिलें पाहिजे. बहुतेक माद्या तितक्या जगत नाहींत. घातक असते ती थोडीशी वयस्क, लेंकुरवाळी मादी. तिचें वय ओळखण्याची युक्ति रशियन शास्त्रज्ञ बायांनीं शोधून काढली. देतिनोव्हा यांना दिसलें, कीं एकदां अंडीं घातलेल्या मादीच्या अंडाशयांतील श्वासनलिकांचीं वेटोळीं कायमचीं उलगडलेलीं असतात. पोलोव्होदोव्हा यांनीं दाखविलें, कीं प्रत्येक बाळंतपणाची एक लहानशी गांठ अंडनलिकेच्या देंठावर मागें राहते. गांठी मोजल्या, म्हणजे बाळंतपणें मोजलीं. फवारणीचा उपयोग होतो आहे कीं नाहीं, हें डांसांच्या संख्येपेक्षां या गांठींवरून अधिक चांगलें कळतें, कारण फवारणीनें सगळे डांस मेले नाहींत तरी म्हाताऱ्या माद्या नाहींशा झाल्या तर रोग हटतो.

एकदांच होणाऱ्या लग्नाचाहि फायदा माणसानें घेऊन पाहिला आहे. मादीला पहिलाच नर असा भेटवावयाचा, कीं त्याच्यापासून अंडीं फळूंच नयेत. ती जन्मभर त्याच्याशीं एकनिष्ठ राहून वांझ अंडीं घालीत बसेल. लाव्हेन यांनीं १९६७ सालीं ब्रह्मदेशांत रंगूनजवळच्या ओक्पो या खेड्यांत विजातीय वंशाचे क्युलेक्स नर सोडले, आणि सुमारें बारा आठवड्यांत अंड्यांच्या तराफ्यांतून अळी निघेनाशी झाली. आपल्याकडे १९६९ पासून दिल्लींत जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनीं मिळून असेच प्रयोग हातीं घेतले. आसपासच्या खेड्यांत नर सोडले गेले, पण लग्न झालेल्या माद्या बाहेरगांवाहून उडत येत, आणि त्यांच्यापुढें या नरांचा कांहीं इलाज चालत नसे. पुढें सोनीपत शहरांत एडीसचे नर सोडण्याची तयारी झाली असतां, हे प्रयोग जंतुयुद्धासाठीं आहेत असा आरोप वर्तमानपत्रांतून व संसदेंत झाला, आणि १९७५ सालीं सारें काम बंद पडलें. परकी पैशानें चाललेल्या कामाविषयीं लोकांनीं शंका घेतली, यांत माझ्या मतें नवल नाहीं. पण एका चांगल्या विचाराची परीक्षा अर्धवट राहिली, याची हळहळ वाटते. इंडोनेशियांतील योग्यकर्ता शहरांत तिचा एक निराळा प्रकार यशस्वी झाला, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. वोल्बाकिया नांवाचा जंतु अंगांत असलेले एडीस तेथें सोडले होते. हा जंतु आईकडून लेंकरांत उतरतो आणि डेंग्यूच्या विषाणूला वाढूं देत नाहीं. त्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनीं कमी झाला.

तोंपर्यंत घरच्या माणसाच्या हातीं उरतें तें बाळंतपणाचें ठिकाण. मुंबईच्या हिंवतापाची चौकशी करून डॉक्टर बेंटली यांनीं १९११ सालीं बोट दाखविलें तें गटारांकडे नव्हे, तर शहरांतील विहिरींकडे. मुंबईचा ॲनॉफिलीस, म्हणजे लिस्टन यांनीं १९०१ सालीं वर्णिलेला स्टीफेन्सी, स्वच्छ सांठविलेल्या पाण्याचा शौकीन आहे. विहिरी गेल्या, पण गच्चीवरच्या टांक्या आल्या, आणि त्याची कांहींच गैरसोय झाली नाहीं. २०१२ सालीं तो आफ्रिकेंत जिबूटी येथेंहि सांपडला. टांकीचें झांकण घट्ट बसणारें पाहिजे. नुसतें वरून ठेवलेलें फळकूट त्याला दरवाजासारखें असतें.

एडीसची गोष्ट याहून बिकट आहे. तिला टांकी नको, पेला पुरतो. फुलदाणी, कुंडीखालची थाळी, शीतकपाटामागचें पाण्याचें तबक, गच्चींत पडलेली करवंटी, जेथें बोटभर पाणी तेथें ती येते. आणि एका खेपेचीं सगळीं अंडीं एकाच भांड्यांत न घालतां ती चार ठिकाणीं वांटते, म्हणजे एखादें भांडें उपडें झालें तरी वंश बुडत नाहीं. अंडीं ती पाण्यांत सोडीत नाहीं, पाण्याच्या काठाशीं भांड्याच्या ओल्या कडेला चिकटविते. तीं काळीं आणि तिळाहूनहि कितीतरी बारीक असतात. पाणी आटलें तरी तीं कित्येक महिने कोरडींच जिवंत राहतात, आणि पुन्हां पाणी चढलें, कीं फुटतात. म्हणून आठवड्यांतून एकदां पिंप ओतून उपडें घातलें, एवढ्यानें भागत नाहीं. त्याची आंतली कड, विशेषतः जेथवर पाणी उभें होतें ती रेघ, काथ्यानें किंवा ताठ ब्रशानें खसखसून घासली पाहिजे, आणि तें धुतलेलें पाणी उन्हांत जमिनीवर ओतून टाकलें पाहिजे.